कुत्र्याच्या अंगाला रंग लागला, तर आधी टर्पेंटाईनच्या बाटलीचं झाकण लावा

प्रश्न थोडक्यात असा: दिवाळीआधी घराला रंग देणं चालू आहे. दोन वर्षांचा लॅब्रॅडॉर दाराच्या ओल्या ऑइलपेंटला घासून गेला आणि जाता जाता रोलरच्या ट्रेमध्ये पाय बुडवून आला. पाठीच्या एका बाजूला आणि शेपटीला तपकिरी ऑइलपेंट, पुढच्या दोन्ही पंजांना भिंतीचा पांढरा रंग. पेंटर म्हणतो, टर्पेंटाईनने पुसा, दोन मिनिटांत निघेल. पुसायचं का?

पुसू नका. पेंटरचं म्हणणं रंगापुरतं बरोबर आहे. ऑइलपेंट टर्पेंटाईनमध्ये विरघळतो, म्हणून तर तो त्यातच पातळ करतात आणि ब्रशही त्यातच धुतात. पण हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते टर्पेंटाईन बहुतेक वेळा खनिज तेलापासून काढलेलं, रॉकेलच्या नात्यातलं असतं. माणसाच्या तळहाताची कातडी जाड, वर केस नाहीत. पुसलं, साबणाने हात धुतले, उरलेलं उडून गेलं. कुत्र्याची कातडी त्याहून बरीच पातळ आणि वर केसांची गादी. टर्पेंटाईन त्या गादीत मुरतं आणि कातडीला चिकटून राहतं. कातडीतला स्निग्धपणा निघून जातो, आग होते, लाल चट्टे उठतात, पोट आणि जांघेसारख्या नाजूक जागी फोडही येतात. आग होते म्हणून कुत्रा चाटतो, आणि खरा धोका तिथे सुरू होतो. इतकं पातळ द्रव गिळताना किंवा उलटी होताना सहज श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसात गेलेलं थोडंसंही न्यूमोनिया करायला पुरतं. केसांवर वाळून बसलेला रंग त्यामानाने गरीब. तो दिसायला वाईट दिसतो, इतकंच.

रॉकेल, पेट्रोल, एनसी थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर, स्पिरिट, सॅनिटायझर या सगळ्यांना हेच लागू. पेंट रिमूव्हर तर दाराचा जुना रंग फुगवून सोलण्यासाठी बनवलेला असतो. कातडीचंही तो तेच करतो. फिनाईल आणि जंतुनाशक द्रवांनी रंग निघत नाहीच, वर जळजळ पदरात पडते.

पहिलं काम रंग काढणं नाही, चाटणं थांबवणं आहे. गळ्यात प्लास्टिकचा कोन असेल तर लगेच घाला. नसेल तर एकाने पट्टा आखूड धरून तोंडापाशी बसायचं आणि दुसऱ्याने काम करायचं. एकट्याने हे काम करू नये. पाठीवरच्या रंगासाठी जुना टी-शर्ट पुढच्या पायांतून घालून कमरेशी गाठ मारली तरी तेवढ्यापुरतं भागतं. तोंड मात्र कापडाने किंवा पट्टीने बांधू नका. कुत्रा धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतो, आणि तोंड बांधलेलं असताना उलटी झाली तर ती थेट श्वासनलिकेत जाते.

डोळ्यात रंग गेला असेल तर बाकी सगळं सोडून आधी डोळा. औषधाच्या दुकानात ०.९ टक्के सलाईनची बाटली मिळते. ती हाताशी नसेल तर नळाचं स्वच्छ कोमट पाणी चालेल. नाकाकडच्या कोपऱ्यातून बाहेरच्या कोपऱ्याकडे, हलक्या धारेने, घड्याळ लावून १५ मिनिटं. दोन मिनिटांत कुत्रा वैतागतो आणि माणूस थांबतो, चूक नेमकी तिथे होते. बुबुळावर चिकटलेला रंगाचा पापुद्रा बोटाने किंवा कापसाने ओढू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मग रंग कोणता ते ठरवा, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पेंटरला एकच प्रश्न विचारायचा: हा रंग कशाने पातळ केला? पाण्याने केला असेल तर डिस्टेंपर किंवा इमल्शन, म्हणजे ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो तो. टर्पेंटाईनने केला असेल तर ऑइलपेंट, प्रायमर किंवा रेड ऑक्साईड. पेंटर जेवायला गेला असेल आणि डब्यावरची अक्षरं रंगाखाली गेली असतील, तर कापसाला सॅनिटायझर लावून त्याच रंगाचा दारावरचा किंवा भिंतीवरचा वाळलेला डाग घासून पाहा. रंग कापसावर उतरला तर तो पाण्याचा. नुसता चकाकत राहिला तर ऑइलपेंट. ही परीक्षा दारावर करायची, कुत्र्यावर नाही.

तुमच्या बाबतीत दोन्ही आहेत. पंजांपासून सुरुवात करा, कारण तिथला रंग सगळ्यात लवकर हातातून निसटतो. इमल्शनमध्ये प्लास्टिकसारख्या पॉलिमरचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते कण एकमेकांत मिसळून अखंड पापुद्रा होतो, आणि एकदा पापुद्रा झाला की पाण्यात परत विरघळत नाही. भिंतीवर हे साधारण अर्ध्या तासात होतं. केसांवर थर पातळ असल्याने उन्हात त्याहून लवकर होतं, पावसाळी हवेत थोडं सावकाश. म्हणून रंग ओला असेपर्यंत नुसत्या कोमट पाण्याने जितका जाईल तितका घालवायचा. पाणी मनगटावर घेतलं तर गार नाही आणि गरमही नाही असं, म्हणजे ३७ ते ३८ अंशांच्या आसपास. पंजा तांब्याखाली धरून बोटांच्या मधून पाणी जाऊ द्या. मग भांडी घासायचं लिक्विड, लिटरभर पाण्याला एक छोटा चमचा, या प्रमाणात कालवून बोटांच्या फटींत चोळा आणि धुवा. भांड्यांची वडी, कपड्यांची पावडर, कपड्यांचा साबण वापरू नका. ते कातडीला फार कडक पडतात आणि वडीत घासण्यासाठी घातलेली भुकटी असते.

इमल्शन वाळलं असेल तर केसांना लावायचा साधा कंडिशनर जाडसर थापा आणि १० ते १५ मिनिटं तसाच ठेवा. मग केसांचा झुपका मुळाशी एका हाताच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि दुसऱ्या हाताच्या नखांनी रंग टोकाकडे सरकवत न्या. पापुद्रे निघतात. मऊ टूथब्रशही चालतो. पंजाच्या गादीवरचा वाळलेला रंग खरवडत बसू नका. गादी जाड असते, चालून चालून तो पापुद्रा दोन-चार दिवसांत आपोआप सुटतो. काचपेपर, सुरी, दगड यातलं काहीही तिथे लावायचं नाही. दोन गाद्यांच्या मधल्या केसांत गोळा झाला असेल तर मात्र तो काढलाच पाहिजे. चालताना खडा टोचावा तसा तो टोचतो, कुत्रा तिथेच चावत बसतो आणि जखम करून घेतो.

आता पाठीवरचा ऑइलपेंट. इथे पाणी शेवटी येतं. ऑइलपेंट पाण्याला जुमानत नाही, आणि केस भिजले की तेलही नीट आत जात नाही. सवयीने आधी बादली भरणाऱ्यांचं काम दुप्पट होतं.

रंग अजून ओला असेल तर जुन्या सुती फडक्याने टिपून घ्या. झुपका मुळाशी धरायचा आणि फडक्याच्या चिमटीत टोकाकडे ओढायचा. आडवं पुसलं की रंग पसरतो आणि आतल्या लवेपर्यंत जातो. प्रत्येक ओढीला फडक्याची कोरडी बाजू घ्या. लॅब्रॅडॉरच्या बाबतीत नशिबाचा भाग असा की त्याचे वरचे केस राठ आणि तेलकट असतात, खाली दाट लव. घासून लागलेला रंग बहुतेक वेळा वरच्या केसांच्या टोकांवरच असतो. त्याला आत ढकलायचं काम आपणच करतो.

मग तेल. शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, घरात असेल ते गोडेतेल. खोबरेलही चालतं, पण ते साधारण २४ अंशांखाली गोठतं. थंडीत बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करून घ्या. व्हॅसलीन जाड थरासाठी चांगलं, कारण ते ओघळत नाही. शेपटीला तेच बरं. वास येणारं, औषधी, ‘थंड’ म्हणून विकलं जाणारं केसांचं तेल नको. त्यात कापूर, मेंथॉल असतं आणि कापूर कुत्र्याला विषारी आहे. नीलगिरीचं तेल, टी ट्री ऑइल, संत्र्याच्या सालीचं तेल हेही नको. नावात तेल असलं तरी ती गोडेतेलं नव्हेत.

तळहाताएवढ्या डागाला पोह्याचे दोन ते तीन चमचे तेल पुरतं. हातमोजे घालून बोटांनी ते रंगात कालवा. रंग ओला किंवा चिकट असेल तर १० मिनिटं, वरून वाळलेला असेल तर २० ते ३० मिनिटं मुरू द्या. फडक्याने मुळाकडून टोकाकडे पुसा, नवीन तेल लावा, पुन्हा पुसा. फडक्यावर येणारं तेल रंगहीन दिसेपर्यंत, साधारण तीन-चार वेळा, हे चालतं. इथे घाई करून काही मिळत नाही.

तेलाने नेमकं काय होतं ते समजलं की किती अपेक्षा ठेवायची तेही कळतं. ऑइलपेंट दोन टप्प्यांत वाळतो. आधी त्यातलं टर्पेंटाईन उडतं, मग हवेतल्या ऑक्सिजनशी त्यातल्या रेझिनची अभिक्रिया होऊन ते एकमेकांत घट्ट विणलं जातं. हात लावण्याजोगा व्हायला चार-सहा तास, कडक व्हायला १६ ते २४ तास. पहिल्या टप्प्यात तेल रंगाला खरोखर पातळ करतं. दुसऱ्या टप्प्यानंतर ते त्याला विरघळवत नाही. फक्त केस आणि रंग यांच्या मध्ये शिरून पकड ढिली करतं. म्हणजे आज संध्याकाळी ८० टक्के काम तेलाने होईल. उद्या संध्याकाळी त्याच तेलाने वरवरचे पापुद्रे सुटतील आणि बाकीचं कात्रीकडे जाईल.

रंग सुटला की अंगावर तेल उरतं, आणि तेही तसंच ठेवता येत नाही. कुत्रा ते चाटतो, जुलाब होतात. लठ्ठ किंवा ज्याला आधी कधी स्वादुपिंडाला सूज आली आहे अशा कुत्र्याला एवढं तेल पोटात जाणं महागात पडतं. म्हणून तेलकट केसांवर कॉर्नफ्लोअर भुरभुरा, दोन मुठी पुरे, पाच मिनिटं ठेवा आणि कंगव्याने झाडून काढा. तांदळाची पिठी चालते. मैदा किंवा कणीक टाळा, पाणी लागलं की तिचा केसांत गोळा होतो. बेसनाने काम होतं, पण लॅब्रॅडॉरच्या अंगावर बेसन लावणं म्हणजे त्याला जेवायला वाढणं. तोंडाजवळ पीठ उडवू नका, ते नाकात जातं.

मग धुणं. भांड्यांच्या लिक्विडचं मघाचंच मिश्रण आधी तेलकट, कोरड्या केसांवर ओता, दोन-तीन मिनिटं चोळा आणि नंतर पाणी घाला. उलट केलं, म्हणजे आधी पाणी ओतलं, तर तेल पाण्याखाली सुरक्षित राहतं आणि फेस नुसता वरून वाहून जातो. दोन वेळा धुवावं लागतं, क्वचित तीन. शेवटी कुत्र्यांचा साधा शाम्पू आणि भरपूर पाणी. केस बोटांत धरून ओढले की करकर वाजले पाहिजेत. साबण राहिला तर दोन दिवसांनी खाज सुटते, आणि लोक ती रंगाची ॲलर्जी समजतात. न्हाणीघरात फरशीवर तरट किंवा रबरी चटई टाका. तेलकट फरशीवर ३० किलोचा घाबरलेला कुत्रा सावरणं सोपं नाही. खिडकी उघडी ठेवा. पंच्याने टिपून पंख्याखाली वाळवा. ड्रायर वापरायचा तर थंड हवेवर.

तेल आणि ऑइलपेंट लागलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. अशी चिंध्यांची गाठोडी आतल्या आत तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात भिजवून टाका किंवा बाहेर सुटी पसरून वाळू द्या.

इतकं करूनही जे उरेल ते कापा, आणि मन घट्ट करून कापा. केस परत येतात. कापण्याआधी रंग पूर्ण कडक होऊ द्या, ओल्या रंगात ट्रिमरचं पातं अडकतं. गुठळीखाली, कातडीला टेकवून, बारीक दातांचा कंगवा सरकवा आणि कात्री त्या कंगव्याच्या वरून, कातडीला समांतर चालवा. गुठळी बोटांनी वर उचलून खालून कापणं ही नेहमीची चूक. उचलताना कातडीही तंबूसारखी वर येते, आणि कात्री तिचाच तुकडा काढते. काखा, जांघा, कानामागची जागा, गुदद्वाराजवळची जागा इथे कात्री अजिबात नको, ट्रिमरच. दाढीचा ट्रिमर छोट्या भागाला पुरतो. दर दोन-तीन मिनिटांनी पातं स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, तापलं असेल तर थांबा. कापलेल्या जागी ऊन थेट लागू देऊ नका, उघडी कातडी भाजते.

लॅब्रॅडॉरचे केस आखूड आणि कायम गळणारे. टोकं कापली तर काही आठवड्यांत ओळखूही येत नाही. स्पिट्झ, पॉमेरेनियन, हस्की यांच्या बाबतीत थोडा विचार करा. या दाट लवेच्या जातींत मशीन अगदी कातडीलगत फिरवलं तर काही कुत्र्यांचे केस वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ नीट येत नाहीत. त्यांचा डाग कापताना निदान बोटभर केस ठेवा, चट्टे दिसले तरी चालतील. मिशा कापू नका. नाकाच्या ओल्या भागावरचा रंग ओल्या फडक्याने जाईल तेवढाच. उरलेला आपोआप सुटतो.

इपॉक्सी, दोन डबे मिसळून वापरतात तो पीयू रंग, लाकडाचं मेलामाईन पॉलिश, गच्चीचं रबरासारखं वॉटरप्रूफिंग, हे कडक झाल्यावर तेलाला दाद देत नाहीत. तिथे सरळ कात्री. डांबर मात्र ऑइलपेंटच्याच पद्धतीने निघतं, फक्त तेल बरंच जास्त लागतं आणि काम दोन-तीन दिवसांत विभागावं लागतं. अख्खा कुत्रा डांबरात माखला असेल तर ते घरी करायचं काम नाही. रंगपंचमीचे रंगही याच हिशोबात बसतात: कोरडा गुलाल आधी ब्रशने झाडायचा, पाणी नंतर; ट्यूबमधला चंदेरी रंग म्हणजे ऑइलपेंटच.

आता चुना आणि लांबी, म्हणजे पुट्टी. याबद्दल लोक सगळ्यात निर्धास्त असतात, कारण पांढरं, साधं, जुन्या घरातलं. प्रत्यक्षात विरवलेल्या चुन्याच्या पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचं माप, १२ च्या वर असतो, आणि पांढऱ्या सिमेंटची पुट्टीही अल्कलीच. हे रंग काढण्याचं नाही, भाजण्याचं प्रकरण आहे. सुरुवातीला काही दिसत नाही, कातडी नुसती बुळबुळीत लागते. चट्टा आणि साल दुसऱ्या दिवशी दिसते. म्हणून वाट पाहायची नाही. कोरडी भुकटी असेल तर आधी ब्रशने झाडा; कळीच्या चुन्यावर थोडं पाणी पडलं तर तो तापतो, म्हणून अर्धवट भिजवणं वाईट. मग नळाखाली, भरपूर पाण्याने, १५ ते २० मिनिटं. लिंबू किंवा व्हिनेगर लावून ‘मारायला’ जाऊ नका. त्या प्रक्रियेत उष्णता निघते आणि धुण्याचा वेळ वाया जातो. डोळ्यात चुना किंवा पुट्टी गेली तर घरी १५-२० मिनिटं धुऊन तसंच दवाखान्यात, वाटेतही धुत. अल्कली डोळ्यात खोलवर जाते, ऑइलपेंटपेक्षा हे कितीतरी वाईट. केसांत सुकून दगड झालेली पुट्टी बोटांनी चुरा करता येते, नाहीतर कापा.

पेंटरने तुम्ही विचारण्याआधीच टर्पेंटाईनचं फडकं फिरवलं असेल, हेही बरेचदा घडतं. तेव्हा रंगाचा विचार बाजूला. कोन घाला, मोकळ्या हवेत न्या, भांड्यांच्या लिक्विडने लागोपाठ दोन-तीन वेळा धुवा, वास जाईपर्यंत. आधी तेल लावत बसू नका. लाल झालेल्या जागी हळद-तेल, टूथपेस्ट, माणसांची मलमं लावू नका. ती चाटली जातात आणि डॉक्टरांना खालची कातडी दिसत नाही. धुतल्यावरही लाली उतरत नसेल किंवा फोड दिसले तर दवाखाना.

पोटात गेलं असेल तर किती आणि काय यावर सगळं आहे. पंजावरचं इमल्शन दोनदा चाटलं तर बहुधा थोडी लाळ, एखादी उलटी, पांढरी शी. ट्रेमधून घटाघटा प्यायलं असेल तर वेगळं: काही रंगांत ग्लायकॉल असतं आणि ते मूत्रपिंडाला घातक ठरू शकतं. काही तासांत दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खाऊ लागला तर एक मिनिटही थांबू नका. ऑइलपेंट, टर्पेंटाईन, थिनर पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका. आत जाताना जो धोका असतो तोच बाहेर येताना पुन्हा होतो. मिठाचं पाणी पाजायची जुनी सवय तर दुहेरी वाईट: उलटी होते ती होतेच, आणि रक्तातलं मीठ वाढून कुत्रा झटके देतो. दूध-तूप पाजून काही बांधलं जात नाही, उलटीची शक्यता मात्र वाढते. तोंड ओल्या फडक्याने आतून पुसा, वाटीत साधं पाणी ठेवा, डॉक्टरांना फोन करा. फोन करताना डब्याचा फोटो, अंदाजे किती पोटात गेलं, किती वाजता आणि कुत्र्याचं वजन, ही चार उत्तरं तयार ठेवा.

नंतरचे ४८ ते ७२ तास श्वासावर लक्ष ठेवा. कुत्रा गाढ झोपलेला असताना छाती किती वेळा वर येते ते ३० सेकंद मोजा आणि दुप्पट करा. ३० च्या आत असेल तर ठीक. ४० च्या वर गेलं, खोकला सुरू झाला, जेवण सोडलं, अंग तापलं, म्हणजे ३९.५ अंशांच्या वर गेलं, तर छातीचा एक्स-रे लागेल. कुत्र्याचं नेहमीचं तापमान माणसापेक्षा जास्त, ३८ ते ३९.२, हाताला गरम लागतो म्हणून ताप धरू नका, थर्मामीटर लावा. मुंबईत परळला, तसंच नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे शासकीय पशुवैद्यकीय महाविद्यालयांचे दवाखाने आहेत. जवळ खासगी डॉक्टर नसेल तर हे लक्षात असू द्या.

मांजर असेल तर वरच्या प्रत्येक बाबतीत तिला जरा लवकरच डॉक्टरांकडे न्या. अंगाला लागलेला प्रत्येक थेंब ती जिभेने साफ करते आणि रसायनं पचवण्यात तिचं यकृत कुत्र्याहून कमकुवत.

जुन्या घरात अजून एक गोष्ट. भारतात घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांच्या, आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या चौकटी, खिडक्या, गज यांच्या जुन्या थरांत शिसं असू शकतं, आणि नवीन रंगाआधी पेंटर ते काचपेपरने घासतो. ती भुकटी फरशीवर बसते, कुत्रा तिच्यावर लोळतो आणि पंजे चाटतो. नवीन रंग अंगाला लागल्यापेक्षा याची काळजी जास्त करायला हवी. घासकामाच्या दिवसांत कुत्रा त्या खोलीत नको, फरशी झाडून नाही तर ओल्या फडक्याने पुसून घ्या. पुढच्या काही आठवड्यांत उगाच उलट्या, पोटदुखी, भूक मंदावणं किंवा झटके दिसले तर डॉक्टरांना रंगकामाचं आठवणीने सांगा. शिशासाठी रक्ततपासणी होते, पण तो संशय कोणी बोलून दाखवल्याशिवाय ती सहसा केली जात नाही.

उरलेल्या कामासाठी पेंटरला दोनच गोष्टी सांगा. दाराचा खालचा अडीच फूट भाग सगळ्यात शेवटी, कुत्रा दुसऱ्या खोलीत गेल्यावर रंगवायचा. शेपटी नेमकी त्याच उंचीवर असते. ऑइलपेंटच्या खोलीत त्याला २४ तास सोडू नका, इमल्शनच्या खोलीत चार तास पुरतात. आणि ब्रश बुडवायला कापलेल्या बाटलीत किंवा वाटीत ठेवलेलं टर्पेंटाईन जमिनीवर नको. तहानलेल्या कुत्र्याला ती त्याचीच पाण्याची वाटी वाटते.